मापाची वही

माझ्या पावलांचं १९८१ सालचं माप मिरजेत एका वहीत अजून आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार जमाखर्चाला वापरतात तसली लांबट वही. तिच्या एका पानावर शिसपेन्सिलीनं काढलेली दोन पावलं, कडेला माझ्या वडिलांचं नाव आणि खाली ‘मुलगी, लग्नाची’ एवढाच मजकूर. लग्नात घालायला मला मापाची कोल्हापुरी करायची होती. ज्यांनी ती केली त्यांना आमची सगळी गल्ली मामा म्हणायची. मामांनी वही जमिनीवर उघडली, मला तिच्यावर उभं केलं आणि म्हणाले, “अंग चोरू नगंस पोरी. सगळा भार दे, बोटं मोकळी सोड.” मी लाजून बोटं आवळून धरली होती. ती सुटेपर्यंत त्यांनी पेन्सिल टेकवली नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर, २०१८ मध्ये, मी मामांच्या दुकानाच्या पायरीवर पुन्हा गेले. मामा राहिले नव्हते, त्यांचा मुलगा बसला होता. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढा उंचवटा आला होता. अंगठा शेजारच्या बोटावर कलला होता आणि संध्याकाळी पाय टेकवत नव्हता. त्यानं माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या, आमचं पान शोधलं आणि नव्या वहीत माझी पावलं पुन्हा काढली. दोन्ही पानं शेजारी ठेवली, तेव्हा सदतीस वर्षं नर्सची नोकरी करूनही जे मी नीट पाहिलं नव्हतं ते दिसलं. जुन्या पानावर पावलाची आतली कड टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ गेली होती. नव्या पानावर ती मध्येच बाहेर फुगून बोटांकडे वळली होती.

ही दोन पानं माझ्या पायाची हकीकत सांगतात, तशीच आमच्या भागातल्या एका रिवाजाचीही. पायताण माप घेऊन करायचं, हा तो रिवाज. तो कसा होता, कसा गेला आणि गेल्यामुळे काय दुखू लागलं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

आमच्या सातारा-सांगलीकडे चपलेला पायताण म्हणतात. गावगाड्यात चर्मकार बलुतेदार होता. शेतकऱ्याची मोट, नाडा, आसूड आणि घरातल्या माणसांची पायताणं त्यानं करायची आणि सुगीला त्याला धान्य मिळायचं. गिऱ्हाईक आणि कारागीर दोघे एकाच गावचे, त्यामुळे कुणाचा पाय रुंद, कुणाच्या टाचेला भेगा, कुणाला कुरूप, हे त्याला तोंडपाठ असे. कातडं तिथंच कमावलं जाई. बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून कातड्याची पिशवी शिवायची आणि ती टांगून ठेवायची, अशी ती रीत. तळाला म्हशीचं जाड कातडं, वेणीला शेळीचं मऊ कातडं, शिवायला कातड्याचीच वादी. हत्यारं म्हणजे रापी, आरी, ऐरण आणि हातोडा. खिळा मारायचा नाही. नवं पायताण पहिले काही दिवस चावायचंच. मग त्याला तेल पाजायचं, रोज थोडा वेळ घालायचं आणि पायाच्या ठेवणीला बसू द्यायचं. पुढे विहिरींवर इंजिनं आणि विजेचे पंप आले, मोट संपली आणि तिच्याबरोबर त्या घरांचं मोठं काम गेलं. उरली ती चप्पल.

मिरजेत या कारागिरांना एक मान आहे. ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याचा उरूस सुरू होतो तो चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफानं. याच दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा होते. सतारमेकर गल्लीतल्या सतारी आणि तानपुरे देशोदेशी जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुरा गाणाऱ्याच्या सुराला जुळवून घ्यावा लागतो, हे मिरजेत शेंबडं पोरही सांगेल. पण पायताणही पायाला जुळवून घ्यावं लागतं आणि तेही तितकंच बारीक काम आहे, हे आम्ही विसरलो. गलेफ पहिला त्यांचा, पण त्यांच्या ओट्यावर माप द्यायला बसणारं गिऱ्हाईक मात्र उरलं नाही.

जुना काळ सगळा चांगला होता असं मी म्हणणार नाही. माझी आजी कवठेमहांकाळकडची. आयुष्यभर अनवाणी रानात राबली. तिच्या पायाची बोटं पंख्यासारखी सुटी होती आणि अंगठा सरळ होता. पण तिच्या तळव्यात बाभळीचे काटे मोडलेले होते आणि टाचांच्या भेगांत उन्हाळ्यात रक्त दिसायचं. तिनं पायताण घातलं नाही याचं कारण आवड हे नव्हतं. वडीलधाऱ्यांसमोर बाईनं पायात काही घालून जायचं नाही, अशी घरची रीत होती. त्याहून कठोर रीत दलितांच्या वाट्याला आली. कित्येक गावांत वरच्या जातीच्या घरावरून जाताना त्यांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ज्यांनी सगळ्या गावाची पायताणं शिवली, त्यांनाही त्या रीतीतून सूट नव्हती. म्हणून पायात जोडा येणं हे आमच्याकडे स्वातंत्र्याचं लक्षण ठरलं आणि ते योग्यच होतं. कुणी उठून ‘अनवाणी चाला’ असा उपदेश केला, तर मला आजीचे तळवे आठवतात.

मिरजेत बंद बूट आले ते रेल्वे, शाळा आणि दवाखान्यांबरोबर. १८८९ मध्ये भारतात आलेले डॉ. विल्यम वानलेस मिरजेत स्थायिक झाले आणि १८९४ मध्ये त्यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. १९२८ पर्यंत ते इथं होते. सांगलीच्या वाटेवरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. पुढे १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि मिरज ही दवाखान्यांची पेठच झाली. कर्नाटकातून गाड्या भरून रुग्ण यायचे, अजूनही येतात. दवाखान्यांबरोबर नर्सचा पोशाख आला आणि पोशाखात पांढरे बंद बूट. त्यात चूक काही नाही. वॉर्डात पायावर सुई पडते, औषध सांडतं, पाय झाकलेला असायलाच हवा.

चूक मापात झाली. १९३१ मध्ये कोलकात्याजवळ बाटा कंपनीचं काम सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत देशभर तयार जोडे पोचले. ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि दुकानात जाऊन लगेच घालता येत होते. फक्त त्यांना नंबर होता, माप नव्हतं. आपल्याकडे चालणारी नंबराची पद्धत इंग्रजी. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, तोही लांबीचा. रुंदीबद्दल नंबर काही सांगत नाही. मामा माप घेताना पावलाची कड काढून झाली की कागदाची पट्टी चवड्याभोवती गुंडाळत आणि नखानं खूण करत. नंबराच्या पद्धतीत ती पट्टीच गळाली.

मी १९८० साली नोकरीला लागले ते रुंद पावलं घेऊन. ज्या दवाखान्यात होते तिथं एका ठरावीक घडणीचे पांढरे बूट सक्तीचे होते, पुढून निमुळते आणि टाचेला थोडी उंची असलेले. माझ्या नंबराचे बूट चवड्यात आवळत, म्हणून मी एक नंबर मोठा घ्यायची. बहुतेक सगळ्याजणी तेच करायच्या. त्यातली खोट फार उशिरा कळली. बूट लांबीला जास्त झाला की पाऊल आत पुढे सरकतं आणि जाऊन बसतं नेमकं निमुळत्या टोकात. बूट वाकतो एका जागी आणि चवडा वाकतो दुसऱ्याच. टाच उंच असेल तर सगळा भार त्या टोकावर ढकलला जातो. रोज आठ तास, रात्रपाळीत बारा. पंचेचाळिशीत माझा अंगठा कलू लागला. आईचाही थोडा कललेला होता, म्हणजे बीज घरातलं होतंच. बुटानं त्याला खतपाणी घातलं.

आमच्याकडे याला ‘हाड वाढलं’ म्हणतात. डॉक्टर हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात, बोलताना बनिअन. खरं तर सहसा हाड वाढत नाही, सरकतं. अंगठ्याच्या मागचं चवड्यातलं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेला कलतं, अंगठा उलट बाजूला बोटांकडे जातो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर डोकावतो. त्या कोपरावर बूट घासला की कातडीखालची द्रवाची छोटी पिशवी सुजते आणि ठणका लागतो. एक्स-रेमध्ये अंगठ्याचा कोन पंधरा अंशांहून जास्त भरला की तो आजार धरतात.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही आणि नवंही नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये मध्ययुगातले १७७ सांगाडे तपासले गेले, त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत अंगठा वाकलेले सहा टक्के होते, चौदाव्या-पंधराव्या शतकातले सत्तावीस टक्के. मधल्या काळात तिथं लांब टोकाच्या जोड्यांची चाल आली होती. ती मिरवणाऱ्या श्रीमंतांत आणि मठवासीयांत प्रमाण जास्त होतं, खेड्यातल्या कष्टकऱ्यांत सर्वांत कमी. १७८१ मध्ये पेत्रुस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञानं जोड्यांच्या चांगल्या आकारावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. १८५८ मध्ये झुरिचच्या हर्मान फॉन मायर यांनी सांगितलं की निरोगी पावलात अंगठ्याची मधली रेघ मागे वाढवली तर ती टाचेच्या मध्यातून जाते, आणि जोडा त्या रेघेवर बेतला पाहिजे. मामांच्या वहीतल्या माझ्या पहिल्या पानावर पट्टी ठेवली तर रेघ जवळपास तशीच जाते. मामांनी मायरचं नाव ऐकलं नव्हतं. ते पायच बघत होते.

१९५८ मध्ये हाँगकाँगला दोन डॉक्टरांनी जोडे घालणारी ११८ माणसं आणि अनवाणी राहणारी १०७ माणसं तपासली. जोडेवाल्यांत अंगठा वाकलेले तेहतीस टक्के निघाले, अनवाण्यांत दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे जोडा एकटा गुन्हेगार नाही, अनवाण्यांतही काहींना हे होतं. पण आईबापांकडून आलेल्या ठेवणीला तो मोठा हातभार लावतो.

मी मिरजेतल्याच एका तरुण अस्थितज्ज्ञाकडे गेले, ते मनात शस्त्रक्रियेची तयारी करूनच. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि मला जमिनीवर कागदावर उभं केलं. पावलाची कड काढली आणि माझा बूट त्या चित्रावर ठेवला. दोन्ही बाजूंना माझं पाऊल बुटाबाहेर अर्धं-अर्धं बोट उरलं होतं. ते म्हणाले, “सिस्टर, एवढं पाऊल तुम्ही रोज एवढ्याशा जागेत कोंबताय. ऑपरेशनचं नंतर पाहू. आधी पायाला जागा द्या.”

मग मी जे केलं ते साधंच होतं. निमुळते बूट बंद केले. घरात अंगठा आणि बोटाच्या मध्ये मऊ सिलिकॉनचा तुकडा ठेवू लागले, तो नसेल तेव्हा गॉजमध्ये गुंडाळलेला कापूस. उंचवट्याभोवती मध्ये भोक असलेली गादी लावली, म्हणजे घासणं थांबतं. ठणका असेल त्या दिवशी फडक्यात बर्फ घेऊन दहा-पंधरा मिनिटं शेकलं. रोज सकाळी जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करणं, बोटं फाकवून दहापर्यंत मोजणं आणि अंगठा हातानं हळूच सरळ ताणणं, एवढा व्यायाम. वजन चार किलो उतरवलं. चार महिन्यांत ठणका गेला आणि मी मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून स्टेशनपर्यंत चालत जाऊ लागले. अंगठा मात्र तेवढाच वाकडा आहे. पुन्हा एक्स-रे काढला, कोन तोच. हे मी मुद्दाम सांगते, कारण रात्री पट्टा बांधून अंगठा कायमचा सरळ होतो असं सांगून वस्तू विकल्या जातात. अशा साधनांनी आराम पडतो, वाकलेलं हाड जागेवर येत नाही. शस्त्रक्रियेलाही मी नावं ठेवणार नाही. एवढं सगळं करूनही दुखणं जगू देत नसेल तर ती करावी. पण या एका सांध्यासाठी शंभराहून अधिक प्रकारच्या शस्त्रक्रिया लिहिल्या गेल्या आहेत, यावरूनच कळतं की सगळ्यांना लागू पडेल असा एक सोपा उपाय नाही.

जागा देणारं पायताण मिळालं ते मामांच्या मुलाकडून. त्यानं चवड्याला रुंद तळ कापला आणि उंचवट्यावर येणारा पट्टा मागे घेऊन आतून मऊ शेळीचं कातडं लावलं. तळावर एमसीआर रबराचा थर चिकटवला. हे रबर कुठून आलं तेही आमच्या गावाला माहीत असायला हवं. कुष्ठरोगात पाय बधिर होतो, घासलेलं कळत नाही आणि जखमा होतात. अशा पायांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सच्छिद्र, मऊ रबराच्या चपला पुढे आणल्या. आज मधुमेहींच्या पायांत दिसतात त्या त्याच जातीच्या. मिरजेतही रिचर्डसन कुष्ठरुग्णालय आहे. शल्यचिकित्सक आणि चर्मकार एका पावलाकडे मिळून पाहू लागले की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

यावरून कोल्हापुरी म्हणजे औषध, असं कुणी समजू नये. तिच्यात पुढची बाजू उघडी आणि रुंद असते, बोटं आवळली जात नाहीत, टाच सपाट असते, हे तिचे गुण. पण तळ कडक असतो आणि पट्टा चुकीच्या जागी आला तर उंचवटा सोलून काढतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल, तर अंगठ्यात अडकवायची चप्पल घालूच नये. सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन ठणकू लागला, तर ते बनिअन नसून युरिक अॅसिडचं दुखणंही असू शकतं. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत, डॉक्टर गाठावा.

अलीकडे दोन गोष्टी घडल्या. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. मग जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. नक्षी कुणाची, नाव कुणाचं, पैसा कुणाचा, हे प्रश्न रास्तच होते. पण त्या सगळ्या चर्चेत मापाचा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

दुसरी गोष्ट कमी गाजली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक माणसांची पावलं मोजली, ती भारतीयांच्या जोड्यांसाठी ‘भा’ नावाची स्वतःची मापपद्धत ठरवण्यासाठी. निष्कर्ष असा की भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद असतं आणि रुंदीला जागा मिळावी म्हणून आपली माणसं गरजेपेक्षा लांब जोडे घालतात. ते वाचलं त्या दिवशी मला वॉर्डातल्या आम्ही सगळ्याजणी आठवल्या, एक नंबर मोठा घेणाऱ्या. मामांच्या कागदी पट्टीला जे ठाऊक होतं, ते आता सरकारी संशोधनानं मोजून सिद्ध केलं आहे. जोडे करणाऱ्या कंपन्यांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली पाहिजे. नर्स, पोलीस, शाळकरी मुलं, ज्यांना ज्यांना बूट सक्तीचे आहेत, त्यांना रुंदीची निवड मिळालीच पाहिजे. आणि मापाची चप्पल करणारा कारागीर आपल्या गावात अजून बसत असेल, तर त्याच्याशी घासाघीस न करता त्याच्याकडून एक जोड करून घ्यावा. त्याच्या हातातली विद्या वहीत उतरत नाही, पुढच्या हातातच उतरते.

शाळा जूनमध्ये सुरू होतात. त्याआधी मुलांचे बूट घ्यायला निघाल, तेव्हा संध्याकाळी निघा, कारण दिवसभरानं पाय थोडा फुगलेला असतो. घरातून निघताना मुलाला कोऱ्या कागदावर उभं करा. अंग चोरू देऊ नका, बोटं मोकळी सोडायला सांगा आणि दोन्ही पावलांची कड काढून घ्या. दुकानात बूट त्या कागदावर ठेवून पाहा. मोठ्या पावलाचं चित्र सगळ्या बाजूंनी बुटाखाली झाकलं गेलं आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली, तरच तो घ्या. नंतर स्वतःच्या पायांचंही तसंच करा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते सदतीस वर्षं केलं नाही. तुम्ही आज करा.